धाकटीच्या हाताचं लोणी

धाकटीच्या हाताला गुण आहे, असं सासूबाईंनी तिच्या लग्नानंतरच्या सोळाव्या दिवशी जाहीर केलं आणि त्या दिवसापासून धाकटी त्या घरात अडकली.

घर दुभत्याचं. गोठ्यात सहा गाई. थोरला दीर गाईंचं बघायचा, धाकटीचा नवरा दूध आणि लोणी गाडीत घालून गिऱ्हाइकांकडे पोचवायचा आणि घुसळणीचा सगळा कारभार सासूबाईंचा. त्यांच्या लोण्याचं नाव चार गल्ल्यांत होतं. धाकटी घरात यायच्या आदल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी हट्टाने मागच्या अंगाला घुसळणीची वेगळी खोली बांधून घेतली. जाड भिंती, दगडी फरशी, गल्लीकडे एक खिडकी. पूर्वी घुसळायचा डेरा स्वयंपाकघरात चुलीशेजारी असायचा. तो या नव्या खोलीत आला आणि पहिल्याच हिवाळ्यात लोणी रुसलं. दोन दोन तास रवी फिरवली तरी डेऱ्यात नुसता फेस. कधी मोहरीएवढे कण दिसायचे, पण गोळा म्हणून होत नसे.

सासूबाईंकडे घुसळणीचे नियम त्यांच्या सासूपासून आलेले होते. एकदा रवी हलली की लोणी येईपर्यंत उठायचं नाही. दार लावून घ्यायचं. घुसळताना कुणी उंबरठा ओलांडून आत आलंच, तर त्याने दोन हात दोरी ओढल्याशिवाय परत जायचं नाही, नाहीतर तो लोणी घेऊन जातो. लोण्याचं कौतुक डेऱ्यासमोर करायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे डेऱ्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये. "डेऱ्यात पाणी, गोठ्यात आटणी," असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना कानाच्या पाळीला हात लावायच्या.

हे सगळे नियम पाळूनही लोणी येईना, तेव्हा कुणीतरी बाहेरचं घेऊन जातंय हे उघड झालं. कोण, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. नव्या खोलीच्या खिडकीच्या बरोब्बर समोर गल्लीपलीकडे दुसरी खिडकी होती आणि त्या खिडकीत दिवसभर एक बाई शिवणयंत्रावर बसलेली असायची. एकटी, मूलबाळ नाही, नजर धारदार, बोलणं त्याहून धारदार. शिवणवाल्या बाईंनी वर मान करून समोर पाहिलं की तिकडे लोणी नासतं, असं ठरलं. मग थोरल्या दिराने विटा आणून खोलीची खिडकी बुजवून टाकली. तरीही लोणी आलं नाही. "आता भिंतीतून बघते," सासूबाई म्हणाल्या.

अशा घरात धाकटी सून म्हणून आली. सोळाव्या दिवशी सासूबाईंचे खांदे भरून आले म्हणून त्यांनी तिला डेऱ्यासमोर बसवलं आणि दार ओढून घेतलं. आत जुन्या विहिरीत असावा तसा गारठा. एका दिव्याचा पिवळा उजेड. धाकटीने तासभर दोरी ओढली. हातांना फोड आले. बाहेरून सासूबाईंचा खोकला ऐकू येत होता. तिच्या आईच्या घरी गाय नव्हती, पण आई वाटीभर साय घुसळायची आणि थंडीत त्यात कोमट पाणी घालायची, एवढं तिला आठवत होतं. घसा कोरडा पडतो म्हणून तिने गरम पाण्याचा तांब्या सोबत आणला होता. तिने दाराकडे पाहिलं आणि अर्धा तांब्या डेऱ्यात ओतला. चार-पाच मिनिटांत रवी जड झाली आणि लोण्याचा गोळा वर आला.

सासूबाईंनी तो गोळा पाहिला, सुनेचे फोडांनी भरलेले तळवे पाहिले आणि ते आपल्या कपाळाला लावले. "पोरीच्या हाताला गुण आहे," त्या म्हणाल्या. "समोरचीची नजर हिने उतरवली."

खरं सांगायची ती एकच वेळ होती आणि ती धाकटीने घालवली. सोळा दिवसांच्या सुनेने डेऱ्यात पाणी घातलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय खोटं कशाला बोला, तिला बरंही वाटलं. त्या घरात तोवर तिचं नाव कुणी धड घेतलं नव्हतं. आता सकाळचा पहिला चहा तिला मिळायला लागला.

त्या चहाची किंमत नंतर कळली. ज्याच्या हाताला गुण, त्याने रोज बसायचं. ताप असो, सण असो, पाळी असो, सकाळी पाच ते साडेसात ती त्या बिनखिडकीच्या खोलीत. माहेरी जायचं तर सकाळचं लोणी काढून जायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या लोण्याआधी परत यायचं. माहेर बसने पाच तासांवर. म्हणजे माहेर नाहीच. चार वर्षांपूर्वी तिची आई गेली, तेव्हा फोन पहाटे साडेपाचला आला होता. डेरा अर्धा सोडायचा नसतो, म्हणून तिला सांगितलं लोणी निघाल्यावर, पावणेआठला. सकाळची बस सात चाळीसला सुटते. ती पोचली तेव्हा अंगणात नुसत्या खुर्च्या होत्या.

ते तिने गिळलं. पण नवव्या वर्षी वडिलांचा फोन आला.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. सगळा जन्म डोळ्याला भिंग लावून काढलेला माणूस. आता डोळ्यांनीच दगा दिला होता. "पुढच्या बुधवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "काही मोठं नाही म्हणतात. फक्त नंतर दिवसातून सहा वेळा थेंब घालायला कुणीतरी पाहिजे. माझा मला नेम लागत नाही, सगळे गालावर पडतात." मग म्हणाले, "तुला जमत नसेल तर राहू दे. शेजारच्यांना विचारतो."

"येते मी बाबा," धाकटी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे कुणाचीही परवानगी न घेता बोललो.

नवरा म्हणाला, "मी बोलतो आईशी." नऊ वर्षांत त्याचं हे बोलणं काही झालं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. पण आईसमोर गेला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. शेवटी धाकटी स्वतःच गेली.

सासूबाई गव्हातले खडे निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं नाही. "जा की," त्या म्हणाल्या. "वडील आहेत, गेलंच पाहिजे. सकाळी जा, दुसऱ्या दिवशी ये."

"आठ दिवस थेंब घालायचेत."

"मग लोणी कोण काढणार?"

"जाऊबाई काढतील."

"थोरलीच्या हाताला येत नाही."

"मी शिकवते त्यांना."

"गुण शिकवता येतो होय?" सासूबाई हसल्या, आणि त्या हसण्यात रागही नव्हता, हेच भयंकर होतं. रागाशी भांडता येतं.

धाकटीने तरी थोरलीला धरलं. थोरली मायाळू होती, पण सशाच्या काळजाची. दार लावून धाकटीने तिला तांब्या दाखवला, तेव्हा ती भिंतीला टेकली. "पाणी? अगं, गोठा आटेल!"

"नऊ वर्षं घालतेय. आटला का?"

थोरलीने बोटांवर गाई मोजल्या. सहाच्या सात झाल्या होत्या. मग तिने डोळे मिटून पाणी ओतलं, दोरी ओढली, आणि लोणी आलं. एखाद्या लहान मुलीसारखी ती गोळ्याकडे बघत बसली. "माझ्या हाताने आलं गं!"

दोघी आनंदाने बाहेर आल्या. पाण्याची गोष्ट अर्थातच सांगितली नाही. सासूबाईंनी गोळा दाबून पाहिला. "तू आत होतीस ना?" त्यांनी धाकटीला विचारलं. "मग तुझ्याच गुणाने आलं."

दुसऱ्या दिवशी धाकटी बाहेर अंगणात उभी राहिली आणि थोरलीने एकटीने लोणी काढलं. "डेरा काल तुझ्या हाताखालून गेला होता," सासूबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी डेरा बदलला. "दोरी तीच आहे," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा धाकटीला कळलं की या वाटेला दार नाही. आपल्या हातात गुण आहे हे सिद्ध करायला एक सकाळ पुरली होती. नाही हे सिद्ध करायला जन्म पुरला नसता. त्या दिवशी भांडी घासताना तिने आपले तळवे उताणे करून पाहिले. दोरीने पडलेले दोन आडवे घट्टे, दोन्ही हातांवर सारखेच. दाव्याला बांधलेल्या गाईच्या मानेवर पडतात तसे.

मग तिला दुसरी युक्ती सुचली. गुण आहे हे खोडता येत नसेल, तर गुण गेला असं दाखवता येईल. शनिवारी तिने तांब्या घेतलाच नाही. दोन तास दोरी ओढली. नुसता फेस. "आज येत नाही," ती म्हणाली. रविवारीही नाही. मनातून ती हलकी झाली होती. आता म्हणतील हिचा हात गेला, बसवा दुसरीला.

पण सासूबाई तिला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. उलट तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू दमू नकोस पोरी. तुझी चूक नाही. तुझे थोरलीला शिकवायचे उद्योग गल्लीत कुणी ऐकले असणार. नऊ वर्षं दबा धरून बसली होती, आता पुन्हा डोकं वर काढलं तिने."

"कुणी?" धाकटीने विचारलं, पण विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं.

थोरल्या दिराने लोखंडी सळई लाल होईपर्यंत तापवली आणि डेऱ्यात बुडवली. चर्र आवाज झाला, वाफ आली, आणि त्यानंतर घुसळल्यावर मूठभर लोणी आलंसुद्धा. सळईने साय कोमट झाली, दुसरं काय? पण घरादाराला पुरावा मिळाला. "भाजली बघा नजर!" दीर ओरडला आणि तशीच सळई पुन्हा तापवून गल्ली ओलांडून गेला. शिवणवाल्या बाईंच्या लाकडी उंबरठ्यावर त्याने ती टेकवली. जळक्या लाकडाचा वास गल्लीभर पसरला. आजूबाजूची माणसं दारात येऊन बघत राहिली. "उद्या लोणी आलं नाही," दीर बंद दाराला म्हणाला, "तर सळई आत येईल."

धाकटी दुपारी मागच्या बाजूने शिवणवाल्या बाईंकडे गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बाई यंत्रावरच होत्या. पण यंत्रावर कापड नव्हतं, त्या नुसतं पायडल हलवत होत्या.

धाकटीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तांब्या, कोमट पाणी, पहिला दिवस, आजचा दिवस. काही लपवलं नाही.

पायडल थांबलं. "नऊ वर्षं," बाई म्हणाल्या. "तुला माहितीय, या गल्लीतली शेवटची पोलकी मी कधी शिवली? तू यायच्या आदल्या वर्षी. बायका पलीकडच्या मोहल्ल्यात जातात, पण माझ्याकडे माप देत नाहीत. माझ्या हाताचा कपडा घातला की दूध आटतं म्हणे. आणि तू तिथे तांब्या घेऊन बसली होतीस."

"मी उद्या पाणी घालते. लोणी येईल. ते तुम्हाला काही करणार नाहीत."

"म्हणजे पुन्हा तुझा गुण, आणि पुन्हा मी चेटकीण. छान. माझ्यावर उपकार करायला आलीस होय?" बाईंनी दाराकडे बोट केलं. "जा. तुझं तू बघ. माझं मी बघते."

धाकटीला रडू आलं नाही. बाई एकही शब्द चुकीचा बोलल्या नव्हत्या.

सोमवारी पहाटे ती डेऱ्यासमोर बसली. शेजारी तांब्या होता, गरम पाण्याने भरलेला. पाणी घालावं तर आयुष्यभर ही खोली. न घालावं तर समोरचं दार फुटणार. अर्धा तास ती नुसती दोरी ओढत राहिली, काही न ठरवता. बाहेर ओसरीत सासूबाई, दीर, थोरली, नवरा, सगळे वाट बघत बसले होते. कुणी चहासुद्धा घेतला नव्हता.

इतक्यात अंगणात आवाज वाढला. दिराचा आवाज आला, "कुठे चाललीस? थांब!" आणि पाठोपाठ खोलीचं दार धाडकन उघडलं. उंबरठ्याच्या आत शिवणवाल्या बाई उभ्या होत्या. हातात जळका लाकडाचा तुकडा, त्यांनी स्वतःच उंबरठ्यातून उपटून आणलेला. "हा घ्या," त्या सासूबाईंच्या दिशेने ओरडल्या. "नवा बसवून द्या. नाहीतर मी इथून हलत नाही."

दीर त्यांचा हात धरायला पुढे झाला. धाकटी दोरी न सोडता ओरडली, "भाऊजी, हात लावू नका! त्या आत आल्यात. आता दोरी ओढल्याशिवाय जायचं नाही. नियम आहे ना?"

दिराने हात मागे घेतला. नियम होता खरा. आणि तो सासूबाईंनीच त्यांना लहानपणापासून पाजला होता.

"या, बसा," धाकटी शिवणवाल्या बाईंना म्हणाली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग डेऱ्याकडे. शेवटी रागारागानेच त्या बसल्या आणि दोरी हातात घेतली. धाकटीने तांब्या उचलला. दारात सगळे उभे असताना, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तिने तो डेऱ्यात रिकामा केला.

"पाणी!" दीर किंचाळला.

"कोमट पाणी," धाकटी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून रोज घालतेय. खोली गार आहे, साय गारठते, म्हणून लोणी येत नाही. माझ्या हातात काही नाही. यांच्या डोळ्यांतही काही नाही. ओढा बाई, थांबू नका."

शिवणवाल्या बाईंना घुसळायची सवय नव्हती. दोरी एकदा निसटली, एकदा ताक अंगावर उडालं. पण पायडलवर कमावलेला ताल त्यांच्या अंगात होता. हळूहळू रवी जड झाली. मग थोरली सगळ्यांना ढकलून पुढे आली, डेऱ्यात वाकली आणि म्हणाली, "आलं! भरपूर आलंय." आणि जीभ चावली, कारण डेऱ्यासमोर कौतुक करायचं नसतं.

शिवणवाल्या बाई उठल्या. हात पदराला पुसले. लाकडाचा तुकडा त्यांनी डेऱ्याशेजारी फरशीवर ठेवला आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या.

सासूबाईंनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. धाकटीला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण सासूबाई फरशीवर बसल्या, गुडघे धरून, म्हातारपणाचा आवाज करत.

"पाणी घालतेस ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

धाकटीने रिकामा तांब्या खाली ठेवला.

"ताक चाखते मी रोज. मला पातळ लागणार नाही? दुसऱ्याच महिन्यात कळलं."

"मग?" धाकटीने विचारलं. "मग मला का बांधून ठेवलंत? आईच्या वेळीसुद्धा..."

सासूबाईंनी बुजवलेल्या खिडकीच्या विटांकडे पाहिलं. "ही खोली मी बांधायला लावली. घरात सगळे नको म्हणत होते, पोरांचे वडीलसुद्धा, तेव्हा ते होते. मी ऐकलं नाही. पाणी लागतं म्हटलं असतं, तर खोली चुकली म्हणावं लागलं असतं. आधी वाटलं, एखादं वर्ष जाऊ दे, मग सांगू. मग तुझी आई गेली. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

धाकटीला त्यांची कीव यायला हवी होती, असं तिला नंतर कधीतरी वाटलं. त्या क्षणी आली नाही. ती एवढंच म्हणाली, "मी उद्याच्या बसने जाते."

"जा," सासूबाई म्हणाल्या.

दिराने दोन दिवस तोंड फुगवलं, मग निमूटपणे सुताराला घेऊन समोरचा उंबरठा बदलून दिला. माफी काही मागितली नाही. शिवणवाल्या बाईंकडे त्या आठवड्यात गल्लीतली एकच बाई माप द्यायला गेली, आणि ती होती थोरली. तिला दोन पोलकी शिवून हवी होती. बाईंनी माप घेतलं, पण चहा विचारला नाही.

मंगळवारी धाकटी सात चाळीसच्या बसमध्ये बसली. नवरा सोडायला आला होता. "मी आईशी बोलणारच होतो," तो खिडकीतून म्हणाला. ती हसली. बस सुटल्यावर मात्र तिला एकदम घाबरल्यासारखं झालं. हात मांडीवर रिकामे पडले होते आणि त्यांचं काय करावं ते तिला कळेना. पाचही तास ती पिशवीचे बंद घट्ट धरून बसली.

ऑपरेशन नीट झालं. दिवसातून सहा वेळा ती वडिलांची मान मागे करायची, पापणी वर धरायची आणि थेंब सोडायची. एकही थेंब गालावर पडला नाही.

सहाव्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. "लोणी येतंय गं थोरल्या वहिनीच्या हाताने. पण आई विचारतेय, तू कधी येतेस?"

"थेंब संपले की," धाकटी म्हणाली.

"आणि ते कधी संपणार?"

डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले होते. धाकटीने वडिलांकडे पाहिलं. ते एक डोळा झाकून खुर्चीत बसले होते आणि दुसऱ्या डोळ्याने तिच्याकडे बघत होते.

"तीन आठवडे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी ती परत गेली. घुसळणीच्या खोलीत ती आता एक दिवसाआड बसते.